जाण्याआधी शिकायची अरबी

आज १८ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांच्या दिनदर्शिकेत या तारखेपुढे दोन नोंदी आहेत. १९७३ साली याच दिवशी आमसभेने अरबीला आपल्या अधिकृत भाषांत सहावी म्हणून जागा दिली. त्याची आठवण म्हणून आज जागतिक अरबी भाषा दिन. १९९० साली याच दिवशी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार संमत झाला. त्याची आठवण म्हणून आजच आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन. दोन ठरावांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. श्रीवर्धन, म्हसळा, बोर्ली पंचतन, दिघी या आमच्या पट्ट्यात मात्र हे दोन दिवस वेगळे काढता येत नाहीत. इथे ज्या घरातला माणूस परमुलखात आहे, त्याच घराला अरबीशी रोजचे देणेघेणे आहे.

१९७३च्या त्या ठरावातली एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. अरबी वापरायची म्हणजे दुभाषे, अनुवादक, छपाई असा मोठा खर्च होता. पहिल्या तीन वर्षांचा हा खर्च आपण उचलू, अशी हमी अरब राष्ट्रांनी दिली आणि मग ठराव झाला. भाषेला खर्च येतो आणि तो कोणीतरी उचलावा लागतो. तो कोण उचलतो, यावर त्या भाषेच्या व्यवहारात कोणाची मान वर राहणार हे बरेचसे ठरते. आमच्या किनाऱ्यावरून आखातात जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा खर्च पन्नास वर्षे त्याने एकट्याने उचलला आहे. आजच्या दिवशी बोलायचे ते याबद्दल.

त्याच १९७३च्या ऑक्टोबरात तेलाचे भाव उसळले. आखाती देशांत पैसा आला. रस्ते, बंदरे, इमारती उभारायला माणसे लागली. आणि ज्यांच्या आजा-पणजांनी आगबोटींवर खलाशी म्हणून जग पाहिले होते ती कोकणातली मुले मुंबईहून कुवेत, दोहा, दम्मामकडे निघाली. हा ओघ अजून थांबलेला नाही. आज आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांत मिळून सुमारे नव्वद लाख भारतीय राहतात. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव मोठे, पण एका वाडीच्या उत्पन्नावर वाढते कुटुंब चालत नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने पोफळी आडव्या केल्या, नवे झाड धरायला किती वर्षे लागतात हे पुन्हा एकदा मोजावे लागले, तेव्हा परदेशातून येणाऱ्या पैशाचा आधार काय असतो हे इथे सर्वांनी पाहिले.

हा माणूस निघतो तेव्हा घर कित्येक आठवडे तयारीत असते. पासपोर्ट, मेडिकल, व्हिसाचे स्टॅम्पिंग, एजंटाचे पैसे, मुंबईच्या फेऱ्या. बॅगेत घरचा मसाला जातो, सुकट जाते, आमसुले जातात. भाषेबद्दल कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते: तिकडे गेल्यावर येते आपोआप, आणि तोवर हिंदीवर भागते.

हे उत्तर खोटे नाही. दुबईत तर अमिराती नागरिक लोकसंख्येत दहातला जेमतेम एक. मुकादम मल्याळी, स्टोअरकीपर पाकिस्तानी, खोलीत बंगाली आणि नेपाळी. वर्षे निघून जातात आणि अरबाशी दोन वाक्ये बोलण्याची वेळ येत नाही. जिथे येते तिथेही वाट निघते. आखातातल्या बांधकामांवर, गोदामांत, भाजीबाजारात आशियाई मजुरांनी एक कामचलाऊ अरबी घडवली आहे. तिच्यात क्रियापदाला काळ नाही, पुरुष नाही, लिंग नाही. ‘फी’ आणि ‘मा फी’, म्हणजे आहे आणि नाही, यांवर बहुतेक सगळा भार. ‘अना मा फी मालूम’ म्हणजे मला ठाऊक नाही. ‘सव्वी’ म्हणजे कर. भाषाशास्त्रज्ञ गेली पस्तीस वर्षे तिचा अभ्यास करत आहेत, तिच्यावर प्रबंध झाले आहेत. ज्यांनी ती घडवली त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. शाळा नाही, पुस्तक नाही, दिवसाचे दहा-दहा तास उन्हात काम, आणि तरी वेगवेगळ्या मुलखांतल्या माणसांनी एकमेकांशी बोलण्यापुरती एक बोली उभी केली.

पण ती हुकूम घेण्याची बोली आहे. ‘हे उचल’, ‘तिकडे जा’, ‘उद्या ये’ एवढे तिच्यात नीट कळते. ‘गेल्या महिन्याच्या पगारातून हे पैसे का कापले?’ हे तिच्यात नीट विचारता येत नाही. आणि विचारलेच, तर समोरच्या कचेरीतला माणूस त्या तुटक बोलीवरून विचारणाऱ्याची पायरी आधी ठरवतो, प्रश्न नंतर ऐकतो.

आखातातली कागदपत्रे कोणत्या भाषेची आहेत ते पाहावे. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात नोकरीचा करार आणि नोंदी यांची भाषा अरबी आहे. सोबत दुसऱ्या भाषेतला मजकूर असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूर प्रमाण. कुवेतमध्ये तसेच, संयुक्त अरब अमिरातीतही तसेच. म्हणजे मुंबईत आपल्या माणसाने इंग्रजी मजकूर वाचून किंवा वाचून घेऊन सही केली, तरी न्याय मागायची वेळ आली की बोलणार तो न वाचलेला अरबी मजकूर. एका आठवड्यात कोणी करार वाचण्याइतकी अरबी शिकणार नाही, हे आम्हालाही कळते. पण ‘रातिब’ म्हणजे पगार, ‘अक्द’ म्हणजे करार, ‘इजाज़ा’ म्हणजे रजा, ‘खस्म’ म्हणजे कपात हे चार शब्द कागदावर ओळखता आले तरी बोट ठेवून विचारता येते. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे सौदी, कुवेत, कतार आणि अमिरातीच्या कायद्यांना मंजूर नाही. तो मागायला ‘जवाज़ी वेन?’ एवढे दोन शब्द लागतात. ते ठामपणे, न चुकता बोलता आले पाहिजेत.

आकड्यांचे तर आश्चर्यच वाटते. हिंदीवर भागते म्हणणाऱ्यांनी याचा विचारच केलेला नसतो. आखातात पाट्यांवर, नोटांवर, पावत्यांवर जे आकडे दिसतात त्यांना अरब लोक ‘हिंदी आकडे’ म्हणतात, कारण ती विद्या आपल्याकडून तिकडे गेली. पण आज श्रीवर्धनच्या मुलाला ते वाचता येत नाहीत, आणि न येण्यापेक्षा चुकीचे वाचता येणे वाईट. त्यांचा पाच गोल असतो, आपल्या शून्यासारखा. शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा दिसतो इंग्रजी सातासारखा. पन्नासच्या जागी शून्य आणि ठिपका वाचणारा माणूस पगाराची चिठ्ठी कशी तपासणार? त्यात कुवेती आणि बहरीनी दिनाराचे हजार फिल्स, ओमानी रियालाचे हजार बैसा, सौदी रियालाचे मात्र शंभर हलाला. कुवेतमध्ये दशांश चिन्हापुढे तीन आकडे येतात, म्हणून दीड दिनार हा दीड हजारासारखा दिसतो. हे सगळे शिकायला एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ आपण कोणालाच दिलेली नाही.

दुखणे सांगण्याची भाषाही अशीच. आखातातल्या बोलीत डोके दुखत असेल तर ‘रासी यिअव्विरनी’, पोट दुखत असेल तर ‘बतनी यिअव्विरनी’, छाती असेल तर ‘सदरी’. मोठ्या इस्पितळांत केरळच्या नर्स असतात, हिंदी-इंग्रजी चालते. वाळवंटातल्या रस्त्याच्या कामावर, शेतमळ्यावर, एखाद्या खेड्यातल्या घरात ड्रायव्हर किंवा स्वयंपाकी म्हणून असलेल्या माणसाच्या शेजारी मात्र कोणी नर्स नसते. छातीत कळ आली आणि ‘छाती’ हा शब्दच जवळ नाही, ही अवस्था आपल्या माणसावर यावी का?

१२ जून २०२४च्या पहाटे कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. भाषा येत असती तर ती माणसे वाचली असती असे म्हणणे चूक ठरेल आणि मृतांवर अन्यायही होईल. तरी तेव्हापासून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही: परक्या देशात राहणाऱ्या माणसाला भिंतीवरची ‘खतर’, ‘ममनूअ’ आणि ‘मखरज’ ही अक्षरे, म्हणजे धोका, मनाई आणि बाहेर पडण्याची वाट, झोपेतून उठल्यावरही ओळखता आली पाहिजेत.

या किनाऱ्यावर भाषेची तयारी करून जाणे-येणे ही नवी गोष्ट नाही. इ. स. ९१६च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा विद्वान प्रवासी आपल्या चौलला आला होता. अरब चौलला सैमूर म्हणत. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक घर करून आहेत, असे त्याने लिहून ठेवले. त्याच ओघात किनाऱ्यावरचे लोक कोणती भाषा बोलतात याचीही नोंद त्याने केली. तिला तो ‘लारिया’ म्हणतो. हजारापेक्षा जास्त वर्षांपूर्वी अरब माणसाला रायगडच्या किनाऱ्यावरच्या बोलीचे नाव माहीत असणे गरजेचे वाटत होते. व्यापार करायचा, वस्ती करायची, सोयरीक करायची, तर ते लागतेच.

श्रीवर्धनचे नाव ज्यांच्यामुळे इतिहासात गेले त्या बाळाजी विश्वनाथ भटांचेच पाहा. इथल्या देशमुखीचे हे घर सिद्दीच्या अमलात गाव सोडून गेले. १७१३ साली बाळाजीपंत पेशवे झाले आणि १७१९ साली दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. मोगल दरबाराचा कारभार फारसीत चाले. मराठ्यांच्या राज्यात त्यासाठी पारसनीस हा वेगळा हुद्दा होता आणि त्याला वेतन होते. दुसऱ्याच्या भाषेतला कागद आपल्या विश्वासातल्या माणसाने वाचल्याशिवाय मान्य करायचा नाही, एवढे त्या राज्याला कळत होते.

गोऱ्या कप्तानांनाही ते कळले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर आणि पुढे आगबोटींवर हिंदी महासागराच्या काठचे खलाशी असत. त्यांत कोकणातले पुष्कळ. शिडे, दोर, नांगर यांचे हुकूम त्यांना त्यांच्या बोलीत दिले नाहीत तर वादळात जहाज जाईल, हे ओळखून कॅप्टन टॉमस रोबक याने १८११ साली कलकत्त्यात जहाजी हिंदुस्थानीचा कोश छापला. मालकाचा जीव आणि माल धोक्यात होता, म्हणून मालकाने भाषा शिकण्याचा खर्च केला. आजच्या बांधकामावर पडून मरतो तो मजूर. म्हणून तो खर्च मजुराच्या अंगावर.

याच कुलाबा किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली समाजाचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. गावागावांत तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज मराठी बोले. त्यांना हिब्रू शिकता यावी म्हणून मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. १८४६ साली वल्हांडणाची हिब्रू पोथी मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. मग १९४८ नंतर यांतली हजारो माणसे इस्रायलला गेली. तिथल्या सरकारने नव्याने येणाऱ्यांना हिब्रू शिकवण्यासाठी ‘उल्पान’ या नावाचे वर्ग काढले होते. पहिला १९४९ साली, जेरुसलेमला. अलिबाग-मुरुडकडचा माणूस तिथे बाकावर बसून हिब्रू शिकला आणि तरीही त्या समाजाने इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले. एक भाषा शिकल्याने दुसरी गेली नाही.

इस्रायलने खर्च केला, कारण ती माणसे तिथे कायमची राहायला हवी होती. आखाती देशांना आपली माणसे कायमची नको आहेत. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपला की परत जायचे, हीच तिथली रीत. म्हणून ते भाषा शिकवणार नाहीत, आणि याबद्दल त्यांच्याकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. शिकवायचे तर पाठवणाऱ्यांनी.

पाठवणाऱ्यांना ते जमत नाही असेही नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. १०,००० कुशल तरुण पाठवायचे आणि त्यांना सरकारी खर्चाने जर्मन शिकवायची असे ठरले. उत्तम निर्णय. जपानला कुशल कामगार म्हणून जायचे तर जपानीची परीक्षा आधी द्यावी लागते, म्हणून पुण्या-मुंबईत जपानीचे वर्ग भरलेले असतात. जर्मनी आणि जपान भाषा आली पाहिजे म्हणतात, म्हणून आपण शिकवतो. आखात तसे म्हणत नाही, म्हणून आपण शिकवत नाही. म्हणजे आपल्या माणसाला काय यावे हे आपण नव्हे, परका मालक ठरवतो. ही गोष्ट आम्हाला मान्य नाही.

केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाने २०१८पासून परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी प्रस्थानपूर्व प्रशिक्षण सुरू केले आहे. जाणाऱ्या देशाचे कायदे, चालीरीती, भाषा, धोके अशी माहिती त्यात दिली जाते. ते एका दिवसाचे असते. एका दिवसात भाषेच्या वाट्याला काय येणार? शिवाय हा सगळा ढाचा मुख्यतः एमिग्रेशन क्लिअरन्स लागणाऱ्या, म्हणजे दहावी न झालेल्या कामगारांभोवती उभा आहे. आमच्या तालुक्यातली आजची मुले दहावी झालेली असतात. त्यांच्या पासपोर्टवर क्लिअरन्स लागतो असा शिक्का नसतो, त्यांना त्याची गरज नसते, आणि म्हणून त्या वर्गाकडे त्यांना कोणी पाठवतही नाही. शिकल्याचा फायदा असा झाला की परीक्षेविना, सूचनेविना, भाषेविना थेट विमानात. हा दोष दाखवून देणे आजच्या दिवशी आमचे कर्तव्य आहे.

१९९०च्या ज्या कराराची आज जगभर आठवण काढली जाते, त्यात स्थलांतरिताला त्याचे हक्क समजेल अशा भाषेत सांगितले जावेत असे कलम आहे. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. आखातातल्या सहाही देशांनी दिलेली नाही. त्या कलमाचा आपल्या माणसाला आज काही उपयोग नाही.

मग अरबी शिकायची ती कोणती? इथे एक गैरसमज काढायला हवा. आमच्या मोहल्ल्यांतल्या मुलांना मकतबात लहानपणीच अरबी अक्षरे येतात, कुराणशरीफ वाचता येते. ही फार मोठी पुंजी आहे. जर्मन शिकणाऱ्या मुलाला जी सुरुवात पैसे देऊन मिळते ती यांना घरी मिळालेली असते. घशातून येणारा ‘ऐन’, जाड ‘सुआद’ हे उच्चार त्यांच्या जिभेवर असतात. पण ग्रंथाची अरबी आणि कुवेतच्या रस्त्यावरची अरबी यांत अंतर आहे. ग्रंथातला ‘क़हवा’ तिथे ‘गहवा’ होतो. कोंबडी ‘दजाज’ नसते, कुवेतमध्ये ती ‘दियाय’ असते. ‘तुम्ही कसे आहात’ हे पुरुषाला ‘शलोनक’ आणि बाईला ‘शलोनिच’. मला हवे म्हणायला कुवेती ‘अबी’ म्हणतो, सौदी ‘अबगा’. पाठ वाचता येणारा मुलगा तिथे उतरतो आणि त्याला कळत काहीच नाही. मग त्याला वाटते की आपल्यालाच अरबी येत नाही. त्याला येते, फक्त बोलीचे दार कोणी उघडून दिलेले नसते.

आणि अरबी कोणा एका धर्माची नाही. लेबनॉन, इजिप्त, सीरिया इथले लाखो ख्रिस्ती घरात अरबीच बोलतात. कोळीवाड्यातला, आगरी वाडीतला, कुणब्यांचा मुलगा ओमानला क्रेन चालवायला जातो तेव्हा त्यालाही हीच भाषा हवी. ती त्याला आपल्या मुसलमान वर्गमित्राशेजारी बसून शिकता आली तर गावाचे भलेच आहे. मराठी माणसाला ती वाटते तितकी परकीही नाही. तारीख, वकील, हिशेब, रक्कम, हद्द, साबण, खुर्ची हे आपण रोज बोलतो ते शब्द तिकडूनच फारसीवाटे आले आहेत. शिकवणाऱ्याने पहिला तास यांवर घ्यावा, भीती जाईल.

मोबाइलमध्ये भाषांतर मिळते, मग शिकायचे कशाला, असे तरुण विचारतात. हॉटेलात आणि विमानतळावर त्याचा उपयोग आहे, जरूर करावा. पण कामाच्या जागी फोन बहुधा बाजूला ठेवावा लागतो, पोलिस चौकीत तो हातात राहीलच असे नाही, आणि आखातातली बोली या यंत्रांना अजून नीट कळत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत पाहून त्याच्या भाषेत ‘मला समजले नाही, हळू बोला, लिहून द्या’ असे सांगणाऱ्या माणसाला फसवायला समोरचा थोडा कचरतो. मालवाहू गाड्यांचे ड्रायव्हर असोत की घरकाम करणाऱ्या बाया, परतून आलेल्यांशी बोलले की हेच ऐकायला मिळते.

सहलीला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. व्हिएतनाम, जॉर्जिया, थायलंड इथे आता आपल्याकडचे लोक पुष्कळ जातात. सोबत मराठी टूर मॅनेजर असतो, जेवणात पोहे-पिठले असते, आठ दिवसांत त्या देशाच्या माणसाशी एक वाक्य बोलण्याची वेळ येत नाही. ‘काम अन’, ‘मदलोबा’, ‘खोप खुन’ एवढे आभाराचे शब्द तरी जाण्याआधी पाठ करावेत. यजमानाच्या घरी जाताना एवढे करायचेच असते. हज-उमराहला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना शिबिरांत विधी शिकवले जातात. त्याबरोबर ‘माझा तंबू सापडत नाही’, ‘पाणी द्या’, ‘चक्कर येते आहे’ ही वाक्येही शिकवावीत. त्यांची जीभ अरबीला सरावलेली आहे, फारसे अवघड नाही.

मुख्य काम आखातात कमवायला जाणाऱ्यांचे. ते करायला दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही, कारण शिक्षक इथेच आहेत. पंचवीस-तीस वर्षे कुवेत, रियाध, मस्कतला काढून परतलेली माणसे आज श्रीवर्धनच्या नाक्यावर, म्हसळ्याच्या बाजारात, बोर्लीच्या चहाच्या टपरीवर बसलेली दिसतात. कोणी ड्रायव्हर होते, कोणी फोरमन, कोणी स्टोअरमध्ये, कोणी शेखच्या घरी स्वयंपाकी. १९९०च्या ऑगस्टात इराकने कुवेत घेतल्यावर बगदादवरून अम्मान गाठून, तिथून विमानाने सुमारे १ लाख ७० हजार भारतीय मायदेशी आले. त्या वाटेने आलेली माणसे कोकणातही आहेत. ठाण्याठाण्यावर बंदूकधारी शिपायाशी कसे बोलायचे, हे त्यांना विचारावे. त्यांच्याकडे जी अरबी आहे ती कुठल्या विद्यापीठात मिळणार नाही, आणि ती लिहून ठेवलेली नाही. ही पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे. अपमान सोसून, चुका करून, पदरचे घालून तिने कमावलेली ही विद्या तिच्याबरोबर जाऊ देणे हा गावाचा नुकसानीचा व्यवहार आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात आणि नेमके आहे. दोनशे वाक्ये निवडावीत: पगाराची, कामाच्या वेळेची, दुखण्याची, पोलिसांसमोरची, रस्ता विचारण्याची, मालकिणीशी बोलण्याची, नकार देण्याची. सोबत आकडे आणि भिंतीवरच्या पाट्या. ती देवनागरीत लिहावीत, पण शिकवावीत तोंडी, कारण अरबीचे निम्मे उच्चार कोणत्याही लिपीतून नीट कळत नाहीत. उच्चारांसाठी मौलवीसाहेबांची मदत घ्यावी, बोलीसाठी परतलेल्यांची. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दोन महिने. मुलींनाही बोलवावे, नर्स म्हणून जाणाऱ्या आहेत, नवऱ्याबरोबर फॅमिली व्हिसावर जाणाऱ्या आहेत, आणि परक्या शहरात चार भिंतींआड भाषेविना राहण्याचा जाच पुरुषांपेक्षा त्यांना जास्त होतो. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला हा वर्ग जोडता आला तर फारच चांगले.

नगर परिषदेने, शाळांच्या संस्थाचालकांनी, मोहल्ल्यांच्या जमातींनी आणि मुंबईतल्या आमच्या गावमंडळांनी मिळून हे येत्या जानेवारीत सुरू करावे. परतलेल्या ज्येष्ठांनी पुढे यावे, त्यांना मानधन द्यावे. खोली, फळा, वीज आणि छापील वह्या यांचा खर्च गावाने उचलावा. जाणाऱ्या मुलाकडून एक रुपयाही घेऊ नये.